दोनांतला दुसरा

३ ऑक्टोबर

आज मला एक शब्द मिळाला. लोकांना बढती मिळते, बदली मिळते. मला शब्द मिळाला आणि मी संग्रहालयाचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. खाली पहारेकरी काकांनी विचारलं, "आग लागली का?" मी म्हटलं, "नाही, ॲलोस्टेरिक." ते म्हणाले, "बरं, मग सावकाश जा."

आमच्याकडे 'शरीरातले कारखाने' नावाचं नवं दालन उघडतंय. आजवर मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या पाट्यांमधले स्वल्पविराम तपासत होते. आज मुख्य बाईंनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "ही पाटी तू लिही. मुलांना कळली पाहिजे आणि शास्त्रज्ञांना खुपता कामा नये. आणि एक लक्षात ठेव. वर्तमानपत्रातली चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, भिंतीवरची चूक भिंतीइतकी जगते. दालन उघडेपर्यंत तुझं काम बघते, मग तुला कायम करायचं की नाही ते ठरवू."

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण घरी पोचेपर्यंत थांबून.

शब्द असा आहे. एन्झाइम म्हणजे शरीरातला कारागीर. कच्चा माल घेतो, त्याचं दुसरं काहीतरी करून देतो आणि स्वतः होता तसाच राहतो. त्याला एक खाच असते, तोंडच म्हणू. माल तिथे बसतो, काम तिथे होतं. पण काही एन्झाइमांना पाठीमागे आणखी एक खाच असते. तिथे कुणीतरी भलताच येऊन बसला की पुढच्या तोंडाचं काम मंदावतं, किंवा उलट जोरात सुरू होतं. टेकायचं पाठीला आणि मिटायचं तोंड. याला म्हणतात ॲलोस्टेरिक.

शब्दाचा अर्थ झाला, कुळी राहिली. कुळीशिवाय शब्द वापरायचा नाही हा आमच्या घरचा नियम आहे. मी बारा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकले. आईने कापड बेततानाच गणित शिकवलं, बाबांनी रेडिओ दुरुस्त करता करता बाकी सगळं. जेवताना प्रत्येकाने एक शब्द आणायचा आणि तो कुठून आला ते सांगायचं. सात वर्षांची असताना 'पण' या शब्दाची कुळी कुणाला सांगता येईना म्हणून मी दोन दिवस 'पण' म्हटलं नव्हतं; आई सांगते, घर फार शांत होतं. शाळेत गेले त्या पहिल्या दिवशी मी बाईंना 'हजर' या शब्दाची कुळी विचारली. बाई म्हणाल्या, "आधी हजर हो." मला शंका फार, म्हणून घरात माझं नाव शंकू.

तर बाबांकडे गेले. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आहे. मी नेहमीच्या जागी बसायला लागले तर म्हणाले, "तिकडे नको, या बाजूला बस." खुर्ची त्यांनी उजवीकडे हलवली आहे. उजेडासाठी, म्हणाले. खिडकी डावीकडे आहे, पण असो. (आता 'पण' म्हणते.)

"ॲलोस्टेरिक," मी म्हटलं.

बाबांनी हातातला मिक्सर बाजूला ठेवला. "ॲलो म्हणजे दुसरा. आणि स्टिरिओ म्हणजे दोन, ते तुला दुधाच्या दातांपासून माहीत आहे. दोन स्पीकर असले की स्टिरिओ. मग काय झालं? दोनांतला दुसरा."

दोनांतला दुसरा. दोन खाचा, त्यातली दुसरी. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या गालाला गाल लावला आणि माझ्या कानाला त्यांच्या गालावरची सोल्डरची पेस्ट लागली.

५ ऑक्टोबर

पाटीसोबत एक लाकडी मॉडेल असणार आहे. ते बनवणाऱ्याला मी मनातल्या मनात भुसा म्हणते, कारण त्याच्या केसांत, भुवयांत, चहाच्या कपात कायम भुसा असतो. त्याच्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही.

मॉडेल मोठ्या भोपळ्याएवढं आहे. पुढे तोंड, त्यात लाकडी चेंडू बसतो. पाठीत तिकोनी खाच. तिथे तिकोनी ठोकळा ठेवला की आतली स्प्रिंग ताणली जाते, तोंड आक्रसतं आणि चेंडू बाहेर पडतो. म्हणजे, पडायला हवा. आज तोंड मिटलंच नाही.

"याला राग येत नाहीये," भुसा म्हणाला.

"तुम्ही पाठीत नीट डिवचत नाही आहात," मी म्हटलं. असं मी अनोळखी माणसाशी का बोलले ते मला माहीत नाही.

त्याने ठोकळा माझ्या हातात दिला. "मग तुम्ही डिवचा. तुम्हाला जमेल असं वाटतं."

मी दाबला. चेंडू सुटला तो थेट त्याच्या कपात. चहा त्याच्या शर्टावर, भुसा माझ्या हातावर. आम्ही दोघं इतके हसलो की मुख्य बाईंनी दार उघडून पाहिलं आणि काही न बोलता लावून घेतलं. त्याने विचारलं, "हे चांगलं की वाईट?" मी म्हटलं, "बाईंनी दार आपटलं नाही, म्हणजे चांगलं."

त्याचे हात मोठे आहेत आणि काचकागद धरताना तो करंगळी वर करतो. हे केवळ नोंद म्हणून.

८ ऑक्टोबर

पाटी मंजूर. बाई म्हणाल्या, "पहिलं वाक्य मस्त आहे. मुलं पाठ करतील." सल्लागार प्राध्यापकांनी फोनवर ऐकून "विज्ञान बरोबर आहे" असं सांगितलं आणि मजकूर पितळी पाटीवर कोरायला गेला. पहिलं वाक्य बाबांचं, जसंच्या तसं: 'स्टिरिओ म्हणजे दोन, ॲलो म्हणजे दुसरा, दोनांतला दुसरा तो ॲलोस्टेरिक.'

बाबांना सांगितलं तेव्हा ते उठून उभेच राहिले. "भिंतीवर? माझं वाक्य?" मग चप्पल घालून शेजारच्या चष्मेवाल्यांकडे गेले. परत आले तेव्हा चष्मेवाले मागून ओरडत होते, "अहो, दोनांतला दुसरा ना, कळलं, कितीदा सांगाल."

बाबांना असं बघून किती दिवस झाले. हल्ली ते गाण्याची यंत्रं दुरुस्तीला घेत नाहीत. इस्त्र्या, पंखे, मिक्सर घेतात. परवा एकजण रेकॉर्ड प्लेयर घेऊन आला तर त्याला परत पाठवलं. म्हणाले, "आता कोण ऐकतंय गाणी." त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्ड प्लेयरवर आईने शिवलेली खोळ आहे, तिच्यावर इस्त्र्या ठेवल्यात. वय होत चाललं, असं मला वाटतं. आज मात्र ते आरशात बघत भांग पाडत होते. उद्घाटनाला कोणता शर्ट घालू म्हणून आईला तीनदा विचारलं आणि तिचं उत्तर तीनदा ऐकलं नाही.

११ ऑक्टोबर



कोलेस्टेरॉलची पाटी दुसऱ्याची आहे, मी फक्त तपासत होते. त्यात कुळी नव्हती, म्हणून मी कोश उघडला. कुणी सांगितलं नव्हतं, मला राहवलं नाही. कोश म्हणतो: कोले म्हणजे पित्त. स्टिरिओस म्हणजे घन, कठीण. कोलेस्टेरॉल म्हणजे पित्तातला घन, कारण तो आधी सापडला पित्ताच्या खड्यांमध्ये.

घन. दोन नाही.

मी वेगवेगळे कोश पाहिले. एकालाही दोनची दया आली नाही. बाबांचं खरं असतं तर कोलेस्टेरॉल म्हणजे 'दोन पित्तं' झालं असतं.

मी सगळं तपासते. गॅस बंद आहे का ते तपासून परत येऊन तपासते. कुणी 'नमस्कार' म्हटलं तरी मनात कुळी बघते. पण स्टिरिओ मला दुधाच्या दातांपासून माहीत होतं. घरी शिकलेलं तपासायचं असतं, हे मला कुणी घरी शिकवलंच नाही.

१२ ऑक्टोबर

सगळ्यात आधी भुशाला सांगितलं. का, माहीत नाही. कार्यशाळा वाटेत लागते. (बाईंची खोली आधी लागते.)

तो रंधा मारत होता, थांबला. "पण अर्थ तर बसतोय की. दोन खाचा, त्यातली दुसरी."

"बसतोय म्हणून तर कुणाला कळलं नाही. बसतो तो खरा असतोच असं नाही."

"मग खरी गोष्ट काय?"

मी कालपासून तेवढंच वाचतेय, तेव्हा सांगितलं. हा शब्द जुना नाही, १९६१ सालचा आहे. त्याआधी लोकांना वाटायचं, एन्झाइमचं काम कुणी थांबवत असेल तर तो कच्च्या मालासारखाच दिसत असणार. तोतया, जो खऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. मग असे पाहुणे सापडले जे मालासारखे मुळीच दिसत नव्हते. तोंडात त्यांना बसताच येणार नाही असा आकार, तरी काम थांबवतात. म्हणून शब्द केला: ॲलो, दुसरा, स्टिरिओस, घन, जागा व्यापणारा आकार. दुसऱ्याच आकाराचा. आणि आकार दुसरा, म्हणून बसायची जागाही दुसरी असली पाहिजे. जागा शब्दात नाहीच, ती मागून आली. आणि तो बसला की एन्झाइमसुद्धा थोडा दुसऱ्या आकाराचा होतो.

बोलता बोलता मी त्याचा तिकोनी ठोकळा हवेत नाचवत होते. भुसा म्हणाला, "हे तर दोनपेक्षा भारी आहे."

"भारी आहे," मी म्हटलं आणि मला रडू आलं. "पण ते वाक्य माझ्या बाबांचं आहे. त्यांनी चष्मेवाल्यांना सांगितलंय."

त्याने खिशातून रुमाल काढून दिला. त्यात भुसा होता. माझे डोळे जास्तच वाहायला लागले, तो घाबरला, मग मी हसायला लागले, मग तोही. अशा प्रसंगी हसणं बरोबर नाही. पण फार हसलो.

१३ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं.

माझ्या खुर्चीवर मिक्सरांचा ढीग होता, म्हणून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, त्यांच्या डावीकडे. ते एका तारेला सोल्डरिंगचा डाग देत होते. मी मोठ्याने बोललेच नाही, पुटपुटले. सगळं एका दमात म्हटलं: बाबा, स्टिरिओ म्हणजे दोन नव्हे, घन. चूक माझी आहे, मी तपासलं नाही. वाक्य काढावं लागेल. तुम्ही मला शिकवलंत म्हणूनच मला ही चूक चूक वाटते.

हे शेवटचं मी रस्त्यात तयार केलं होतं आणि मला ते बरं जमलंय असं वाटत होतं.

बाबांनी तारेवर फुंकर मारली. बराच वेळ तार पाहिली. एकदाही वर बघितलं नाही. मग मान वळवली, मी तिथे आहे हे जणू आताच दिसलं असं माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "शंकू, चहा टाकतेस का?"

मी चहा टाकला. त्यांनी प्यायला. म्हणाले, "साखर कमी आहे."

रागावले असते तर बरं झालं असतं.

१५ ऑक्टोबर

बाबांचं काय चाललंय मला कळत नाही. माझ्याशी नीट बोलतात, विनोद करतात, परवाचं मात्र काही घडलंच नाही असं वागतात. आज सकाळी पोस्टमनला अडवून सांगत होते, "दोनांतला दुसरा. भिंतीवर लागतंय. या हं बघायला." मी दारात उभी होते. माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला. याला टोमणा म्हणायचा की हट्ट? त्यांनी ठरवलेलं दिसतंय: मुलगी काहीही म्हणो, ऐकायचंच नाही.

मी बाईंकडे गेले. उभ्यानेच सांगितलं. बाईंनी विचारलं, "हा अर्थ तुला कुणी सांगितला?"

"मी तपासला नाही," मी म्हटलं. एवढंच. ते खोटं नव्हतं.

बाईंनी कपाटातून पाटी काढून टेबलावर ठेवली. पितळ चकाकत होतं, अक्षरं मोत्यासारखी. चूक इतकी देखणी असू नये.

"कोरणारा म्हणतो, या मापाचा पत्रा आता उद्घाटनानंतरच येईल. काय करायचं?"

दारात भुसा कधी येऊन उभा होता देव जाणे, तो म्हणाला, "पाटी उलटी करा. मागची बाजू कोरी आहे. चुकीची बाजू भिंतीकडे."

बाईंनी पाटी उलटी केली. कोरी करकरीत. "उद्या संध्याकाळपर्यंत मजकूर," त्या मला म्हणाल्या. मी निघाले तर मागून म्हणाल्या, "वाक्य छान होतं मात्र." मला कायम करणार की नाही याबद्दल काही बोलल्या नाहीत. मी तो विषय काढावा असं मला वाटलं आणि मी पळाले.

१६ ऑक्टोबर

नवा मजकूर दिला. सात वेळा तपासला, घरी शिकलेल्या शब्दांसकट. 'आणि' शब्दसुद्धा तपासला.

संध्याकाळी भुसा आमच्या घरी आला. मॉडेलचं तोंड मिटतं तेव्हा आवाज व्हायला हवा, त्याला जुना स्पीकर हवाय आणि आमच्याकडे स्पीकर आहेत हे मी बोलता बोलता सांगितलं होतं. (बाजारात स्पीकर मिळत नाहीत का, असं आई नंतर म्हणाली.) आज केसांत भुसा नव्हता. ओळखायला क्षणभर वेळ लागला, आणि त्या क्षणात मी दारात उगीचच "कोण?" असं विचारलं.

तो स्टुलावर बसला. बाबांना म्हणाला, "काका, एक लहानसा स्पीकर मिळेल का?" बाबा इस्त्रीची तार बघत राहिले. त्याने परत विचारलं, बाबा तार बघत राहिले. माझी मान शरमेने खाली गेली. माझा राग त्याच्यावर काढतायत, असं वाटलं. तिसऱ्यांदा न विचारता तो उठला, टेबलाला वळसा घालून बाबांच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला आणि तेच विचारलं.

"स्पीकर? अरे, आधी नाही का सांगायचं. बस, बस." आणि मग बाबा असे खुलले की स्पीकर, तार, आवाज किती जाडीच्या लाकडातून कसा येतो, विचारू नका. निघताना त्याला डबा भरून स्क्रू दिले. मला कधी दिले नाहीत.

फाटकापर्यंत सोडायला गेले. तो म्हणाला, "तू बाबांना ते सांगितलंस तेव्हा कुठल्या बाजूला बसली होतीस?"

तू म्हणाला. आजवर तुम्ही म्हणत होता. त्याचं त्यालाही कळलं असावं, कारण कान लाल झाले. मी म्हटलं, "डावीकडे, का?" तो म्हणाला, "परत एकदा सांगून बघ. उजवीकडून." मी हो म्हटलं, पण काय विचारलं ते डोक्यात शिरलंच नव्हतं. मी त्या 'तू'चा विचार करत घरात आले आणि दार लावायचं विसरले. मी, दार लावायचं.

१७ ऑक्टोबर

आई कापड बेतत होती. मी म्हटलं, "बाबा माझ्याशी बोलत नाहीत."

"सकाळी अर्धा तास घडाघडा बोलत होते."

"मी त्या पाटीबद्दल सांगितलं त्यावर एक शब्द नाही."

आईची कात्री थांबली. "कुठे बसून सांगितलंस?"

दोन दिवसांत दोघांनी तोच प्रश्न विचारला. आणि मग मला खुर्ची आठवली. खिडकी डावीकडे असून उजेडासाठी उजवीकडे नेलेली. शर्टाचं उत्तर. परत पाठवलेला रेकॉर्ड प्लेयर.

"डावा कान गेला त्यांचा," आई म्हणाली. "उन्हाळ्यात. एका सकाळी उठले ते तसेच. डॉक्टर म्हणाले, आतली शीर गेली, आता ऐकू येणार नाही. तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, शंकूला कळलं तर ती त्या कानाची कुळी काढत बसेल."

आई हसली आणि नाक पुसलं. "एका कानाने स्टिरिओ कसा तपासायचा, म्हणून गाण्याचं काम बंद केलं. तुझी ती पाटी आली आणि पुन्हा माणसात आले."

म्हणजे मी सबंध भाषण एका बंद दाराला दिलं होतं, आणि चार दिवस दाराला गर्विष्ठ म्हणत होते. आणि आता उघड्या दाराने जाऊन तेच सांगायचं, ज्यामुळे ते माणसात आले तेच काढून घ्यायचं. मी बराच वेळ आईच्या टाचण्या रंगांप्रमाणे लावत बसले.

मग गेले. खुर्चीवरचे मिक्सर खाली ठेवले. उजवीकडे बसले. मोठ्याने सांगितलं. रस्त्यात तयार केलेलं वाक्य गाळलं.

बाबांनी चष्मा काढला. "दोन नाही?"

"नाही. घन."

"कुणी सांगितलं?"

"कोशाने. सगळ्या कोशांनी. बाबा, तुमचं खरं धरलं तर कोलेस्टेरॉल म्हणजे दोन पित्तं होतात."

बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. "दोन पित्तं," ते म्हणाले. "तुझ्या आजोबांना होती." ते इतके हसले की आई आतून कात्री घेऊन धावत आली. हसून झाल्यावर मात्र चष्मा पुसत राहिले, पुसून झाला तरी. म्हणाले, "मग ते वाक्य काढ. भिंतीवर चूक नको. चष्मेवाल्याला मी बघतो." आवाज साधाच होता. मला ते साधेपण सहन झालं नाही.

जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "घन आवाज, म्हणजे?"

"दोन पेट्यांतून येतो, पण ऐकणाऱ्याला मध्ये काहीतरी भरीव असल्यासारखं वाटतं. गाणारा माणूस समोर उभा आहे असं. दोन हे त्याचं साधन. नाव त्या भरीवपणाचं आहे."

बाबा उठले. इस्त्र्या उचलल्या, खोळ काढली. एक रेकॉर्ड लावली. आधी दोन पेट्यांच्या मधोमध खुर्चीत बसून ऐकलं आणि मान हलवली, नाही. मग उठले. डोकं वळवत, इकडून तिकडे चालत, पेटीवर तळवा ठेवत, पुन्हा चालत. आई आणि मी भिंतीला टेकून त्यांना वाट देत होतो.

"एका जागी बसून नाही येत," ते म्हणाले. "फिरलं की थोडं येतं. पण घन वस्तूचं तसंच आहे. तिच्याभोवती फिरल्याशिवाय ती घन आहे हे कुठे कळतं?"

मग आईला म्हणाले, "तू काय भिंतीला चिकटून उभी आहेस," आणि तिचा हात धरून तिलाही फिरवू लागले. आईच्या गळ्यातली माप घ्यायची पट्टी दोघांच्या मध्ये लोंबत होती.

२० ऑक्टोबर

रेकॉर्ड प्लेयरवाला गिऱ्हाईक परत आला. बाबांनी यंत्र ठेवून घेतलं. दिवसभर दुकानात गोल गोल फिरत होते. चष्मेवाले विचारत होते, काही हरवलंय का.

२४ ऑक्टोबर

दालन उघडलं.

बाबा निळ्या शर्टात, आई हिरव्या साडीत, चष्मेवाले सहकुटुंब, पोस्टमन ड्यूटी सोडून. बाबा सगळ्यांना घेऊन पाटीसमोर उभे राहिले.

"वाचा," बाबा म्हणाले.

चष्मेवाल्यांनी वाचलं. "'ॲलो म्हणजे दुसरा, स्टिरिओ म्हणजे घन, आकार असलेला. कारागिराचं काम बदलणारा हा पाहुणा कच्च्या मालासारखा दिसत नाही. आकार दुसरा, म्हणून बसण्याची जागाही दुसरी. आणि तो बसला की कारागीरही थोडा दुसऱ्या आकाराचा होतो.' अहो, पण तुमचं ते दोनांतला दुसरा कुठंय?"

"ते चुकीचं होतं," बाबा म्हणाले. "तीस वर्षं. हिने शोधलं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी कितीतरी दिवसांनी श्वास घेतला असेन.

तेव्हा भुशाने पुढे होऊन बाबांच्या उजव्या बाजूने सांगितलं की त्यांचं वाक्य याच पाटीच्या मागच्या अंगावर आहे, भिंतीकडे तोंड करून. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. उगीच जखम उघडायला नको म्हणून. बाबांचा चेहरा असा झाला की काय सांगू. चष्मेवाल्यांकडे वळून म्हणाले, "बघा. लागलंय की नाही भिंतीवर. फक्त भिंतीलाच वाचता येतं."

"भिंतीला कान असतात," चष्मेवाले म्हणाले. "डोळे असतील तर माझ्याकडे पाठवा."

मग मॉडेल. बाबांनी तिकोनी ठोकळा पाठीत ठेवला, तोंड मिटलं, त्यांच्याच स्पीकरमधून 'टक' आवाज आला आणि चेंडू उडून मुख्य बाईंच्या पायाशी गेला. बाईंनी तो उचलून माझ्या हातात दिला. "पुढच्या दालनाचे शब्द सोमवारी माझ्याकडून ने," त्या म्हणाल्या. "घरी शिकलेलेही तपासायचे." बाबांकडे बघून म्हणाल्या. त्यांना सगळं माहीत होतं, हे मला आता लिहिताना कळतंय.

भाषणांना बसलो तेव्हा मी सवयीने बाबांच्या उजवीकडे गेले. ते म्हणाले, "तिकडे नको. डावीकडे बस. तिकडचं तू ऐक आणि मला सांग." म्हणून मी डावीकडे बसले आणि डावीकडचं सगळं ऐकलं: कुणाची खुर्ची करकरली, कुठलं मूल भुकेलं होतं, आई चष्मेवालीणबाईंना काय सांगत होती. सगळं त्यांना सांगितलं, एकही न गाळता. दर वेळी ते गंभीरपणे मान डोलवत होते.

उजवीकडची खुर्ची भुशाला मिळाली. दोघं बराच वेळ कुजबुजत होते. मी डावीकडे असल्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. एकदा बाबा मोठ्याने म्हणाले, "ते मला काय विचारतोस, तिला विचार," आणि दोघंही माझ्याकडे बघून गप्प झाले. तारेच्या जाडीबद्दल असेल. त्यातलं मला काही कळत नाही, हे मी त्याला आधीच सांगितलंय.

बाहेर पडताना भुसा फाटकापाशी थांबला होता. म्हणाला, "रविवारी तुमच्याकडे येऊ का? तुझ्या बाबांचा कुठलासा स्पीकर बिघडलाय म्हणे, बघायचा आहे. तुला चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."

घरी येऊन सगळे स्पीकर एकेक लावून पाहिले. एकही बिघडलेला नाही. ही गोष्ट त्याला लगेच कळवायला हवी, उगीच त्याची खेप फुकट जाईल. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला.